नऊवर थांबलेला रोल

पलूसात मी फोटोचा धंदा सुरू केला १९८६ साली. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं, तीच डार्करूम. पुढं डिजिटल आला आणि ट्रे, टँक, हायपोचा डबा सगळं माळ्यावर गेलं. ते परत खाली काढायला लावलं एका भंगारवाल्यानं. त्याच्या पोत्यातल्या कॅमेऱ्यात रोल निघाला. तेव्हापासून असे विसरलेले चाळीसेक रोल धुतले. निम्म्यांत काही ना काही निघालं. बाकीच्यांनी जे शिकवलं ते लिहितोय.

१. झाकण उघडायचं नाही.

भंगारवाल्याच्या त्या रोलचं मी असंच वाटोळं केलं. भर दुपारी, दुकानाच्या दारात, ‘आत काय आहे बघू’ म्हणून झाकण उघडलं. पस्तीस मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो बाहेर रिळावर गुंडाळलेले असतात आणि कोरी फिल्म डबीत सुरक्षित असते. उजेड शिरला की जळतं ते काढलेलंच, वाचतं ते कोरं.

रोल आहे का हे न उघडताही कळतं. रिवाइंडची घुंडी बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवायची. ताण लागला तर आत रोल आहे. अ‍ॅग्फाच्या क्लिक-थ्रीला पाठीमागं लाल खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. पण ही खिडकीही बेरकी. जुन्या काळची फिल्म लाल उजेडाला आंधळी होती म्हणून ती लाल केली. नंतरच्या फिल्मला लालही दिसतं. कॅमेरा वर्षानुवर्षं उजेडाकडं पाठ करून पडला असेल, तर एखाद्या फोटोवर गोल डाग आणि फिल्ममागच्या कागदावरचा आकडा उमटतो. सिनेमात लाल दिव्याखाली रोल धुताना दाखवतात, तेही खोटं. लाल दिवा कागदाला चालतो, रोलला नाही.

२. विसरलेला रोल अर्धवट असतो.

हे मला फार उशिरा उमगलं. पूर्ण झालेला रोल कोण विसरतं? तो धुवायला टाकून आठ दिवसांनी लोक ‘आले का’ विचारायला यायचेच. राहतो तो न संपलेला. क्लिक-थ्री बडोद्यात बनायचा, बऱ्यापैकी घरात असायचा, आणि त्याच्या रोलवर बाराच फोटो. रोल उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ असो नाहीतर परदेशी, शेतकऱ्याच्या घरात बारा फोटो म्हणजे वर्षाची बेगमी. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेल्यावर चार काढायचे, बारशाला तीन, आणि ‘राहू देत, थोरलीच्या साखरपुड्याला होतील’ म्हणत उरलेले राखायचे.

कृष्णाकाठच्या एका गावातून एक पोरगा त्याच्या आजोबांचा क्लिक-थ्री घेऊन आला. खिडकीत आकडा नऊ. म्हणजे किमान तीन राखलेले. धुतल्यावर सहा फोटो लागले: नदीचा घाट, एक बैलजोडी, ओट्यावर बसलेली माणसं. नववा काढला होता की नुसता पुढं फिरवून ठेवला होता, कळलं नाही. तिथं काहीच नव्हतं. ज्या कार्याला ते राखले होते, ते त्या घरात झालंच नाही, एवढं पोरगा म्हणाला. पुढं मी विचारलं नाही.

म्हणून अशा रोलमध्ये लग्नाचा थाट शोधू नये. त्यात दोन कार्यांमधलं घर असतं.

३. उन्हाशी वैर धरायचं.

१८९७ साली आंद्रे नावाचा एक स्वीडिश माणूस दोघा साथीदारांसह फुग्यातून उत्तर ध्रुवाकडं निघाला आणि परत आला नाही. १९३० साली त्यांचे अवशेष बर्फात सापडले, सोबत फिल्मही. तेहतीस वर्षांनी धुतलेल्या २४० फोटोंपैकी ९३ वाचले. ती थंडीची करामत. आमच्याकडं पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेला रोल दहा-पंधरा वर्षांत करपतो. उष्णतेनं सगळ्या फिल्मवर करडा फॉग चढतो आणि चित्र त्यात बुडतं. फिल्म जितकी वेगवान, तितकी लवकर बुडते. १०० वाली तग धरते, ४०० वाली आधी जाते. बेदाणा शीतगृहात का ठेवतात हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. रोलचंही तेच. हाती आला की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये.

धुतानाही तसंच. ब्लॅक अँड व्हाइटला वीस अंशांचं पाणी लागतं. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी अंघोळीला तापवावं लागत नाही. मी पहाटे पाचला माठातल्या पाण्यावर काम करतो, डेव्हलपरमध्ये किंचित पोटॅशियम ब्रोमाइड घालतो. त्यानं फॉग आवरतो. डेव्हलपर गार आणि हायपो कोमट असा घोळ झाला तर फिल्मवरचं जिलेटिन सुरकुततं. म्हणून सगळ्या बाटल्या एकाच घमेल्यात, एकाच पाण्यात उभ्या करायच्या.

४. आधी तुकडा, मग रोल.

पस्तीसच्या रोलचा बोटभर तुकडा अंधारात कापून तेवढाच धुवायचा. किती मिनिटं द्यायची ते तो सांगतो. भात शिजला का हे एका शितावरून कळतं, त्यासाठी पातेलं उपडं करत नाहीत.

५. रंगीताचा हट्ट सोडायचा.

गंमत अशी की रंगीत रोलला जवळपास अडतीस अंश लागतात, म्हणजे आमचा उन्हाळा आयता. पण तीस वर्षांच्या रंगीत फिल्ममधले रंग एकसारखे मरत नाहीत. सगळं जांभळं नाहीतर हिरवं येतं. मी ते ब्लॅक अँड व्हाइटच्या रसायनात धुतो. गिऱ्हाईक नाराज होतं, पण चेहरा तरी मिळतो. अमेरिकेतून कुणाच्या मामानं आणलेला कोडॅक्रोम असेल, तर दुसरा मार्गच नाही. तो धुणारी शेवटची लॅब कन्सासमध्ये होती, तिनं २०१० च्या अखेरीस असे रोल घेणं थांबवलं.

६. पुरातला कॅमेरा वाळवायचा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. भिलवडीकडचा पट्टा पाण्याखाली गेला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पाणी उतरल्यावर लोकांनी गाद्या, वह्या, कागदपत्रं वाळत घातली. माझ्याकडं चिखलानं भरलेला एक कॅमेरा आला, आणि मीही गावासारखंच केलं. चार दिवस उन्हात ठेवला. आत जिलेटिन फुगून मागच्या कागदाला चिकटलं आणि वाळून एकजीव झालं. उलगडताना चित्र कागदाबरोबर सोलून आलं. चूक माझीच, आणि ती त्या घरातल्यांना सांगताना जीभ जड झाली.

भिजलेली फिल्म भिजलेलीच ठेवायची. डब्यात स्वच्छ गार पाणी, त्यात रोल, आणि दोन दिवसांच्या आत धुवायला. उशीर केला तर बुरशी. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं, बुरशीला ते जेवणच.

७. ओळखायचं काम आपलं नाही.

निगेटिव्ह वाळली की मी चटकन प्रिंट काढून कुणाच्या मोबाइलवर टाकत नाही. फोटोत कोण आहे, कुणाशेजारी उभं आहे, ते घरात कितपत माहीत असावं, हे घरानं ठरवायचं. मोठं माणूस समोर बसवायचं, त्याच्या हातात प्रिंट द्यायची आणि गप्प राहायचं.

त्या नऊ आकड्याच्या रोलच्या वेळी आजी आल्या होत्या. बैलजोडीचा फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “ह्यो आमचा सर्ज्या. डाव्या शिंगाला खोच हाय बघा.” बैलाशेजारी पटका बांधलेला माणूस उभा होता. नातू म्हणाला, “आजी, आणि हे?” आजींनी फोटो मांडीवर पालथा घातला. “हे व्हयं,” एवढंच म्हणाल्या. नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. पण जाताना तोच फोटो मोठा करून मागितला.

८. कोरा निघाला तर पैसे घ्यायचे नाहीत.

हायपोचा खर्च माझा. कोऱ्या फिल्मची पट्टी मात्र परत देतो, कारण काही लोक तीही जपून ठेवतात.

आता दसऱ्या-दिवाळीची आवराआवर येईल. माळ्यावर कॅमेरा सापडला तर पोरांच्या हाती देऊ नका, झाकणाला हात लावू नका. दोरीनं आवळून बांधा, काळ्या पिशवीत घाला, उन्हापासून लांब ठेवा. आणि घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल, ते असेपर्यंतच धुवायला द्या.