माटवीचं पपनस आणि ह्यांची लेव्हल

किडनी बदलून ह्यांना घरी आणलं तेव्हा पथ्याच्या कागदात ‘ग्रेपफ्रूट वर्ज्य’ अशी एक ओळ होती. सावंतवाडीच्या बाजारात ग्रेपफ्रूट कुणी पाहिलंय? वाचली नि सोडून दिली.

चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला टांगायला पपनस लागतंच. विसर्जन झालं की ती फळं उतरवून सोलायचं काम ह्यांचं. जाड साल काढायची, पाकळीवरची कडू कातडी ओढायची, आतला गुलाबी गर मीठ, साखर नि तिखट लावून खायचा. झाड परसातलंच, त्यामुळे पुढेही रोज एक फळ फुटत होतं. मग चहाची बशी ह्यांच्या हातात खुळखुळायला लागली. अशक्तपणा असेल, म्हटलं. त्याच आठवड्यात रक्त द्यायचं होतं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या गोळीची रक्तातली लेव्हल एरवी सहा-सातच्या घरात, ती आली सतरा. क्रिएटिनिनही चढलेलं. हॉस्पिटलातून फोन आला : ‘‘काकू, गोळी दोनदा गेली का? जुलाब? बाहेरचं अँटिबायोटिक?’’ गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. ‘‘मग खाण्यात नवीन काय?’’ तेव्हा पपनस निघालं.

ग्रेपफ्रूट मुळात पपनस आणि संत्र्याच्या संकरातून कॅरिबियन बेटांवर झालेलं फळ. म्हणजे मूळ कूळ आमच्या परसात आणि कागदावर नाव परदेशातल्या लेकराचं! कोकणातल्या पेशंटच्या यादीत पपनस हवंच, असं मी हॉस्पिटलातल्या त्या मुलीला स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. ते जकात नाक्यासारखं, पोटात गेलेल्या औषधातला काही भाग तिथेच कापून घेतं. डोस ठरवताना ही जकात धरलेली असते. ह्या फळांतली फ्युरानोकुमारिन्स ते एन्झाइम कायमचं निकामी करतात, मग औषध नेहमीपेक्षा बरंच जास्त रक्तात उतरतं. नवं एन्झाइम तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ ही युक्ती चालत नाही, आणि एवढ्याला एक पेलाभर रस पुरतो. हे कळलंही योगायोगानं. 1989 च्या सुमारास कॅनडातले संशोधक डेव्हिड बेली फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि दारू यांचा एकमेकांवरचा परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस घातला आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं दिसलं.

ह्यांचे काही डोस थांबवले, पपनस बंद केलं, लेव्हल उतरली. पण हे फक्त किडनीवाल्यांपुरतं नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी, रक्तदाबासाठी फेलोडिपिन, निफेडिपिन घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. स्टॅटिन जास्त झालं तर स्नायू दुखतात, क्वचित त्यांची नासाडी होऊन किडनीवर येतं. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही. मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी फ्रिजमधल्या रसाच्या डब्यावरचं नाव वाचावं. तिथे सकाळच्या न्याहारीला ग्रेपफ्रूट सर्रास असतं. कडू संत्र्याचा मार्मलेडही त्याच गोत्रातला. शंका आली तर फळ बंद करा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बदललेल्या किडनीला गोळी थांबवणं महागात पडतं.

अ‍ॅलर्जीच्या फेक्सोफेनाडिनचं मात्र उलटं आहे. फळांच्या रसाबरोबर घेतली तर ती रक्तात कमी उतरते आणि शिंका चालूच राहतात. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची.