बेट म्हणजे नुसतं चारी बाजूंनी पाणी?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट' ही व्याख्या आपली मुलं घडाघडा म्हणतात. या सुट्टीत त्यांना खरं बेट दाखवा. लोणावळ्याहून मुंबई गाठायची, गेटवेवरून लाँच पकडायची, साधारण तासाभरात घारापुरी. (सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.)

त्रिमूर्तीसमोर सगळेच थांबतात. सुमारे वीस फूट उंच शिल्प आहे, थांबायलाच हवं. पण तिथूनच मागे फिरू नका. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. तिथल्या माणसांशी मुलांना बोलू द्या. किराणा कुठून येतो? रात्री कुणी आजारी पडलं तर? पावसाळ्यात समुद्र खवळला की काय करता?

आणि विजेचं जरूर विचारा. आपल्या वळवणसारख्या धरणांचं पाणी पाइपातून घाट उतरून खोपोलीला जातं. त्यावर तयार होणारी वीज मुंबईला १९१५ पासून मिळते. मुंबईसमोरच्याच या बेटावर मात्र समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली २०१८ मध्ये! तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग तिथली पोरं अभ्यास कधी करायची?"

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, तिथे गेलास की तूच विचार.