जन्मतः वाकडे पाऊल : उपचार, संगोपन आणि आपली जबाबदारी

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले, आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. ही कथा आपल्या विहारात पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. शुश्रूषेस सोपा रुग्ण कोणता, अवघड कोणता आणि शुश्रूषा करणारा कसा असावा, याची तेथे अगदी व्यवहारी मांडणी आहे. रुग्णाने हितकर तेच करावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की घटले ते खरे सांगावे, वेदना सोसावी. शुश्रूषा करणाऱ्यास औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, घाणीची किळस बाळगू नये आणि धम्माचे चार शब्द सांगून धीर देता यावा.

परंतु रुग्ण जर दहा दिवसांचे तान्हे बाळ असेल तर? ते पथ्य पाळू शकत नाही आणि कुठे दुखते ते सांगूही शकत नाही. म्हणजे रुग्णाच्या वाट्याची पाच कामेही आईबापांवरच येऊन पडतात. हाडा-सांध्यांचा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हेच घडते. असे दोष अनेक आहेत. या लेखात आम्ही त्यांतील एकच घेतला आहे. तो म्हणजे जन्मतः आत वळलेले पाऊल, ज्याला डॉक्टर मंडळी क्लबफूट म्हणतात. ढोबळमानाने हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे दुपटीने दिसतो आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला, पाऊल खाली झुकलेले, अशी त्याची खूण आहे. उपचार झाला नाही तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागते, तेथे घट्टे पडतात, आणि पुढे चप्पल घालणेही अवघड होऊन बसते.

याचे नेमके कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. काही घराण्यांत आनुवंशिकता दिसते. पण ग्रहणात विळी-सुरी हाती धरल्यामुळे पाऊल वाकते, ही समजूत निखालस खोटी आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आपण दरवर्षी मोठ्याने म्हणतो. तरीही बाळाचे पाऊल वाकडे दिसताच सासरची मंडळी सुनेला पहिला प्रश्न ग्रहणाचाच विचारतात, हे आम्ही आपल्याच वस्तीत पाहिले आहे. बाळंतिणीला अपराधी ठरविले की ती बाळाचे पाय दुपट्यात झाकून ठेवते, आणि उपचाराचे मोलाचे पहिले आठवडे वाया जातात.

हे आठवडे मोलाचे का, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. नवजात बाळाच्या पावलातील पुष्कळ हाडे अजून कूर्चेचीच असतात आणि त्यांना बांधणारे बंध ताणले जाऊ शकतात. याच गोष्टीचा उपयोग डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी केला. ते 1914 साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर काम केले. त्या काळी पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेने उघडून सरळ करीत. पाऊल सरळ दिसे, पण मोठेपणी ते ताठर व दुखरे होई. पोन्सेटींनी हाताने हळुवार वळवून प्लास्टर घालण्याची रीत बसविली आणि 1963 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 2009 साली ते वारले, तोवर मात्र हीच रीत जगभर मान्य झाली होती. भारतातही आज हीच वापरतात.

रीत अशी. दर आठवड्याला डॉक्टर पाऊल थोडे बाहेर वळवतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा वाकवून, प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच ते सात प्लास्टरे लागतात. त्यानंतर बहुतेक बाळांची टाच अजून वर ओढलेली राहते, म्हणून टाचेमागची जाड शीर बारीकशी छेद देऊन सैल करतात. हे काम लहानसे असते. ‘ऑपरेशन’ या शब्दाने घाबरून परत फिरू नये. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर, तेवढ्यात शीर लांब होऊन पुन्हा जुळते.

प्लास्टरच्या काळात आईने बोटांवर लक्ष ठेवावे. बोटे गुलाबी व उबदार असावीत. ती निळी, पांढरी किंवा सुजलेली दिसली, किंवा बोटे प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकलेले प्लास्टर पाऊल सुधारत नाही, उलट बिघडवते. प्लास्टर भिजू देऊ नये. अंग ओल्या फडक्याने पुसावे. प्लास्टर घालताना बाळाच्या तोंडी दूध असले तर ते शांत राहते, म्हणून तारखेच्या दिवशी बाळाला भुकेले ठेवून त्या वेळी पाजलेले बरे. टाचेच्या छेदाच्या दिवशी मात्र दूध केव्हा द्यावे ते डॉक्टरांनाच विचारावे.

येथवरचा प्रवास दोन-अडीच महिन्यांचा. पाऊल सरळ झालेले पाहून घरात पेढे वाटले जातात. खरी कसोटी येथून पुढे सुरू होते, आणि आमच्या मते या लेखाचा गाभा हाच आहे. सरळ झालेले पाऊल पुन्हा आत वळू पाहते. ते धरून ठेवण्यासाठी दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी अशी ब्रेस देतात. पहिले तीन महिने ती दिवसाचे 23 तास घालावयाची; नंतर रात्री व दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. आमचा दिवस आकड्यांत जातो म्हणून हिशेब मांडून पाहिला. पहिल्या तीन महिन्यांत 2070 तास, आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत सुमारे साडेबाराशे ते तेराशे रात्री. एवढ्या रात्री एका बाईने एकटीने जागवाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे.

दोष पुन्हा उलटण्याचे सर्वांत मोठे कारण ब्रेस न घालणे हेच आहे. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने मुलाच्या पहिल्या वाढदिवसानंतर ब्रेस माळ्यावर टाकली. बाप बांधकामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. रात्री मूल रडले की चाळीतले शेजारी भिंत ठोकत. ‘पाय तर चांगला दिसतो, कशाला लेकराला बेडी?’ असे आजीचे म्हणणे. तिसऱ्या वर्षी पाऊल पुन्हा वळले, पुन्हा प्लास्टर, पुन्हा खाडे, पुन्हा रोज बुडाला. त्या आजीला आम्ही दोष देत नाही. ही बेडी नसून पायाचा आधार आहे, हे तिला कोणी बसून सांगितलेच नव्हते.

बाळ पहिले दोन-तीन दिवस रडते ते बहुधा दुखते म्हणून नव्हे, तर पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवून-सरळ करून खेळविले की ते लवकर शिकते. सुती मोजे घालावेत. टाच बुटात नीट खाली टेकली पाहिजे. लाल डाग दिसले तर त्यावर मलम किंवा तेल चोळू नये, कातडी अधिक नरम होऊन सोलते. टाचेमागे फोड आला तर बहुधा बूट सैल बांधलेला असतो. आपल्याला वाटते घट्ट झाला, आणि आपण आणखी सैल करतो! डॉक्टरांना दाखवावे, पण ब्रेस परस्पर बंद करू नये.

खर्चाचे म्हणाल तर, 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. बाळंतपण झालेल्या सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. उपचार मोफत झाला तरी एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच. कित्येक घरे तिथेच मोडून पडतात. आपल्या मंडळाच्या वर्गणीतून वर्धापनदिनाच्या मंडपावर होणारा खर्च थोडा आवरता घेतला, तर एका बाळाच्या सर्व खेपांचे भाडे सहज निघेल, असे आम्हांस वाटते. महिला मंडळाने पाळी लावून प्लास्टरच्या दिवशी मोठ्या भावंडांना सांभाळावे. धम्मवर्गातील शिक्षकांनी ‘लंगड्या’ हा शब्द वर्गात खपवून घेऊ नये.

जाता जाता दोन गोष्टी. प्रत्येक वाकडे पाऊल क्लबफूट नसते. काही बाळांचे पाऊल गर्भातील अवघडलेपणामुळे वळलेले दिसते व हाताने सहज सरळ होते. त्याचा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा, शेजारणीने नव्हे. आणि ताप असलेले मूल एखादा हात किंवा पाय हलवू देत नसेल, तर मालीश करीत बसू नये. सांध्यात पू झालेला असू शकतो, तेव्हा तास मोजून धावावे लागते.

ज्यांची मुले चालू लागली आहेत आणि ज्यांचा उपचार झालाच नाही, त्यांनीही उशीर झाला म्हणून घरी बसू नये. अशा मुलांना प्लास्टरे जास्त लागतात, क्वचित पुढे शस्त्रक्रियाही लागते, परंतु शाळेच्या वयातही याच रीतीने पाऊल बरेच सरळ झाल्याची उदाहरणे आहेत. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर त्याचे नाव रविवारी वंदनेनंतर मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे. तारीख ठरवून कोणीतरी सोबत जाईल.