घनफुटाचे गणित

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या प्रवेशद्वाराजवळ ब्राह्मी लिपीतील एक छोटा लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या ‘वढकी’ने द्वारमुख घडविल्याची नोंद त्यात आहे. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. आत जाऊन वर पाहिले की कमानदार छताला बसविलेल्या सागवानी फासळ्या दिसतात. ते लाकूड सुमारे २००० वर्षांपूर्वीचे आहे. छत अखंड खडकाचे असल्याने फासळ्यांवर त्याचा भार नाही. तरीही प्रत्येक फासळी मोजून, तासून, गोलाईला जुळवूनच बसवावी लागली असणार.

मावळात लाकूड मोजण्याची विद्या इतकी जुनी आहे. घर बांधताना प्रत्येक कुटुंबाला तिची गरज पडते. ती अवगत नसेल तर कष्टाचा पैसा वखारीच्या बिलावर डोळे मिटून सोपवावा लागतो. म्हणून तिचे मूळ हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

चिरलेले लाकूड : रुंदी व जाडी इंचांत आणि लांबी फुटांत घ्यावी. तिन्हींच्या गुणाकाराला १४४ ने भागले की घनफूट मिळतात, कारण एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात. उदाहरणार्थ, दाराच्या चौकटीला ७ फुटांचे दोन उभे व ३ फुटांचा एक आडवा तुकडा लागतो. एकूण लांबी १७ फूट. लाकूड ४ × ३ इंचांचे असल्यास ४ × ३ × १७ = २०४; भागिले १४४, म्हणजे सुमारे १.४२ घनफूट.

गोल ओंडका : ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर मोजावा, त्याचा चौथा भाग काढावा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावे. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल तर १ × १ × १० = १० घनफूट. भूमितीच्या नियमाने मात्र याच ओंडक्याचे घनफळ १२.७३ घनफूट भरते. पाव घेराच्या पद्धतीत सुमारे साडेएकवीस टक्के भाग साल व चिरणीतील घट म्हणून सुटतो. म्हणून दर ठरविण्यापूर्वी तो कोणत्या मापाचा आहे हे विचारावे. पाव घेराच्या मापाचा दर पूर्ण घनफळाला लावला, तर सव्वापटीहून अधिक रक्कम द्यावी लागते.

रंध्याची घट : इंचाचे सूत आठ. प्रत्येक बाजूचे एक सूत रंध्याने गेले, तर ४ × ३ चे लाकूड ३¾ × २¾ इंचांचे उरते. ही घट सुमारे चौदा टक्के आहे. बिल रंध्यापूर्वीच्या मापाचे की नंतरचे, हे आधीच लिहून घ्यावे.

ओलावा : ओले लाकूड वाळताना रुंदीत व जाडीत आकसते, लांबीत फरक नगण्य असतो. लोणावळ्याच्या पावसाळ्यात तर नीट न वाळलेल्या लाकडाची चौकट पुढे हमखास त्रास देते.

वन विभागाच्या आगारात माप घनमीटरमध्ये असते. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

पालकांना आमची विनंती आहे की वखारीत जाताना मुलांना सोबत न्यावे, टेप त्यांच्या हाती द्यावी आणि मालकाचा आकडा ऐकण्यापूर्वी त्यांच्याकडून हिशेब करून घ्यावा.