दोघांच्या सुट्टीचे पंचांग

सदाशिव पेठ, पुणे ३०
दि. ५ नोव्हेंबर

चि. बंड्या,


तू पाठवलेली पीडीएफ चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. केनियात तीन रात्री सफारी, झांझिबारला तीन रात्री समुद्र, खोलीत गुलाबाच्या पाकळ्या, वाळूवर मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, आणि हे सगळे मे महिन्यात ‘खास सवलतीत’. लग्नाचा पहिला वाढदिवस थाटात साजरा करायचा यात मला काहीच वावगे वाटत नाही. पेठेतली आत्या म्हणजे काटकसरच शिकवणार असे धरून बसला असशील, तर तसे नाही. माझा जन्म लोकांच्या सहली आखून देण्यात गेला. चैन कशाला म्हणतात ते मला कळते. म्हणूनच सांगते, चैन हॉटेलच्या ताऱ्यांवर कमी आणि तारखांवर जास्त ठरते.

आता ही सवलत कशाची ते बघ. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. झांझिबारला एप्रिल-मेमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. तिथली काही हॉटेले त्या दिवसांत चक्क बंद असतात. मसाई मारातले वाइल्डबीस्टचे प्रचंड कळप, ज्यांचा फोटो त्या पीडीएफच्या पहिल्याच पानावर आहे, ते सेरेंगेटीकडून येतात साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे जे बघायला जायचे ते तिथे नसताना तुम्ही तिथे असणार. शिवाय पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्यायची. तिचा दाखला नसेल, तर परत आल्यावर आपल्याच देशात विलगीकरणात ठेवू शकतात. नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालते, तेही मऊ पिशवीत. सूनबाईंच्या साड्या आणि तुझा ट्रायपॉड यांची वाटणी आधीच करून घ्यावी लागेल. आफ्रिका जरूर बघा, पण दहा-बारा दिवस हाताशी असतील तेव्हा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा माराही भरलेला असतो आणि झांझिबारही कोरडे असते.

यंदा मात्र रजा मेमधून काढून फेब्रुवारीच्या शेवटाला आण. वाघ आणि समुद्र दोन्ही आपल्याच राज्यात आहेत. फक्त एक पूर्वेच्या टोकाला आणि दुसरा पश्चिमेच्या. ताडोबा आणि सिंधुदुर्ग. हे सुचवते ते पैसे वाचावेत म्हणून नव्हे. नीट केले तर ही सहल स्वस्त पडणार नाही. नऊ दिवसांत ती घाई न होता बसते, म्हणून सुचवते.

फेब्रुवारीच का? ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंदच असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत हात गोठतात आणि गवत दाट असल्याने जनावर दिसणे अवघड जाते. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ हमखास येतो असे लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे; पण चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि दोघांच्या पहिल्या वाढदिवसाला उष्माघात शोभत नाही. इकडे मालवणात मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कूबा सगळे पावसाळ्यासाठी थांबते. दोन्हीकडचे बरे दिवस एकमेकांवर ठेवून पाहिले, की फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पहिला आठवडा उरतो. विदर्भात तेव्हा पळस फुललेला असतो, तो वर.

आता वार. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. शनिवार-रविवारी सफारीचे दर जास्त आणि गर्दीही जास्त. तारकर्ली-मालवणला शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव सगळे एकदम उतरतात. म्हणून मंगळवारी नागपूरमार्गे ताडोबाला पोहोचा. तो दिवस तसाही प्रवासाचाच. बुधवारी सकाळ-दुपार दोन सफाऱ्या, गुरुवारी सकाळी तिसरी. गुरुवारची दुपार मोकळी ठेव. शुक्रवारी नागपूरहून गोव्याला विमानाने, आणि तिथल्या मोपा विमानतळाहून गाडीने उत्तरेला सिंधुदुर्गात. शनिवार-रविवार भोगव्याला, जिथे तारकर्लीच्या मानाने माणसे कमी असतात. सोमवार-मंगळवार मालवण, बुधवारी परत. नागपूर-गोवा विमानांचे वेळापत्रक बदलत राहते, तेव्हा सगळ्यात आधी ते बघ आणि बाकीच्या तारखा त्याभोवती बसव.

सफारी आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम उलटा करू नकोस. जंगलात पहाटे साडेचारला उठावे लागते, दिवसभर धूळ खावी लागते, आणि दुपारची सफारी नेमकी आपल्या पेठेच्या झोपेच्या वेळेत निघते. त्यानंतर अंगाला वाळूवर पडून राहणेच हवे असते. आधी चार दिवस समुद्रावर आळसावलेल्या माणसाला पहाटे उठवणे म्हणजे संसारातल्या पहिल्या मोठ्या भांडणाला आमंत्रण.

पैसा कुठे खर्च करायचा ते आता ऐक. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. ती अख्खी तुम्हा दोघांसाठी घे. अनोळखी चौघांच्या खांद्यांवरून वाघ बघण्यापेक्षा ही चैन कितीतरी मोठी. राहायला जंगलाच्या दाराजवळची जागा निवड. मोहर्ली चंद्रपूरकडून सोयीचे, कोलारा नागपूरकडून. पण ज्या दाराची सफारी आरक्षित असेल त्याच बाजूला राहा, नाहीतर पहाटेची झोप गाडीत जाईल. म्हणून आधी सफारी, मग खोली. आरक्षण वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच कर आणि ज्या ओळखपत्राचा क्रमांक भरशील तेच मूळ ओळखपत्र बरोबर ने. गाईड घ्यावाच लागतो. तो किंवा ती जवळपासच्या गावातली असते. त्यांना ‘वाघ दाखवाच’ म्हणून भंडावू नका. सांबर ओरडले, वानरांनी झाडावरून इशारा दिला, की गाडी बंद करून थांबायचे असते. वाघ नाही दिसला, तरी रानकुत्र्यांची टोळी, गवे, अस्वल, तलावातल्या मगरी यांतले काही ना काही दिसतेच.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५चे. अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पण हे रान त्याआधीपासून गोंडांचे. तलावाकाठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी लढताना मेलेला गावप्रमुख लोकांनी देव मानला, आणि त्याच्यावरून जंगलाचे नाव पडले, असे सांगतात. गाईडला हे विचारा. वाघाचे वय विचारण्यापेक्षा त्याला ते सांगायला जास्त आवडेल.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. हॉटेलवाला याबद्दल दिलगिरी व्यक्त करेल. तू त्याचे आभार मान. चार तास शेजारी बसून, आवाज न करता, एकाच दिशेला बघायचे. हे तुमच्या पीडीएफमधल्या मेणबत्त्यांपेक्षा जास्त कामाचे आहे, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

समुद्राकडे आलात की खर्चाची रीत बदल. मालवण-वेंगुर्ले भागात पंचतारांकित गोष्टी मोजक्याच आहेत, आणि जे खरे उत्तम आहे त्याला तारे लागत नाहीत. भोगव्याहून किंवा देवबागहून स्वतंत्र होडी ठरवा आणि कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे सकाळी लवकर जा. जेवण घरगुती खानावळीत. ताजी सुरमई, तिसऱ्या, आंबोळी, सोलकढी. सूनबाईंना मासे चालत नाहीत हे मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी सांगितले तर काजूची उसळ होते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याखाली उतरायचे असेल तर जिथे आधी नीट शिकवतात तिथेच उतरा. ‘दहा मिनिटांत उरकतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. सिंधुदुर्ग किल्ला सोमवारी सकाळी बघा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली; आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दहा मिनिटांत फोटो काढून परतणाऱ्यांबरोबर परतू नका, तटावरून निवांत चाला.

एक सूचना कुठलीही कंपनी देणार नाही. मालवणजवळ मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा बहुधा फेब्रुवारीच्या आसपास भरते. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरते. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी असे लोटतात की कोकण रेल्वेत जागा नाही आणि मालवणात खोली नाही. तारीख जाहीर होईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घे. महाशिवरात्रीला देवगडच्या कुणकेश्वरची जत्रा आणि मार्चमध्ये शिमगा, हेही बघून ठेव.

कुणाकडूनही सहल घेतलीस तरी खर्चाची फोड लेखी माग. खोली, जिप्सी, गाईड, गाडी, जेवण, कर, रद्द केल्यास किती कापणार, सगळे वेगवेगळे. ‘हनिमून सजावट’ असे काही दिसले तर ते काढायला सांग आणि त्या पैशांत गुरुवारच्या मोकळ्या दुपारसाठी बाहेर बसायला ओटी असलेली खोली घे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. हे सगळे तू एकट्याने ठरवू नकोस. तुझ्या पत्रात ‘आम्ही’ चार वेळा आहे, पण आवडी सगळ्या तुझ्याच दिसल्या. वाघ तुला हवा हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला पाण्याची भीती वाटते का, पहाटे उठणे झेपते का, हे तू विचारलेस का? दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहा ज्या हव्याच, आणि एक जी अजिबात नको. मग कागद अदलाबदल करा. तिची ‘अजिबात नको’ आधी यादीतून काढ, तुझी नंतर. त्यानंतरही ताडोबा उरला, तर सोमवारच्या आत मला फोन कर; तारखा आपण दोघे मिळून नव्हे, तिघे मिळून बसवू.

सूनबाईंना आशीर्वाद. दादाला म्हणावे, फराळाचे डबे परत पाठव.

तुझी,
आत्या