घाटाकडे पाठ करू नका

मालवणजवळ देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, गेली बारा वर्षं मी कयाक वल्हवतो आहे. जून ते ऑगस्ट माझी कयाक पडवीत टांगलेली असते. त्या महिन्यांत समुद्रात जायचं नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात उतरतात, सप्टेंबर सरतो आणि समुद्र निवळतो. पाऊस संपला असं वाटू लागतं. माझा घात झाला तो याच दिवसांत, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

कोजागरीनंतरची द्वितीया होती. दुपारी दोनला मी एकटाच खाडीतून निघालो. ओहोटी नुकतीच लागली होती, त्यामुळे फारसं वल्हं न मारता मुखाबाहेर पोचलो. भोगव्याच्या खडकांपर्यंत जाऊन पाचपर्यंत परतायचं, असा बेत होता. उकाडा होता म्हणून जीवरक्षक जॅकेट काढून पाठीमागे दोरीखाली खोचलं. फोन जलरोधक पिशवीत घालून कयाकच्या मागच्या कप्प्यात बंद केला. समोर पश्चिमेला आकाश निळं होतं. मागे मी पाहिलंच नाही.

पावणेचारला गडगडाट ऐकू आला. वळून पाहिलं तर सह्याद्री दिसत नव्हता, सगळा काळोख झाला होता. पाच मिनिटांत पूर्वेचा वारा सुटला. मी मुखाकडे वळलो, तर खाडीचं पाणी भर ओहोटीने बाहेर धावत होतं. पंधरा मिनिटं जिवाच्या आकांताने वल्हवूनही काठावरचं तेच सुरूचं झाड बाजूला दिसत होतं. मग रेतीच्या उथळ्यावर एक लाट फुटली आणि मी उलटलो.

पाण्यात जॅकेट अंगात घालणं किती कठीण असतं, ते त्या दिवशी कळलं. एका हाताने कयाक धरायची आणि दुसऱ्याने जॅकेटचं हात घालायचं भोक शोधायचं. तेवढ्यात वल्हं वाहून गेलं. फोन हातभर अंतरावर होता, पण तो कप्पा उघडला असता तर कयाकच भरून बुडाली असती. जाळी ओढून परतणाऱ्या एका होडीतल्या काकांनी मला पाहिलं, म्हणून आज मी आहे. मला वर ओढल्यावर ते एवढंच म्हणाले, "घाटाकडसून काळोख इलो काय पाण्यात रवूचा नाय, झिला."

त्या एका वाक्यात सगळं आहे. ऑक्टोबरात जमीन तापते, हवेत ओल असते आणि दुपारी घाटमाथ्यावर ढग उभे राहतात. ते पश्चिमेला सरकतात, आणि त्यांतून कोसळणारी थंड हवा पावसाच्या पुढे धावते. तो वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. आत जावं तशा लाटा वाढतात आणि वारा आपल्याला आणखी आत नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हातांत तेवढं बळ कुणाच्याच नसतं.

दुसरी चूक ओहोटीची. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, म्हणजे साडेसातपर्यंत ओहोटी. त्यातही तिसऱ्या आणि चौथ्या तासांत सहा तासांतलं जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. मी परतणार होतो ते नेमकं त्याच वेळी. शिवाय पौर्णिमेचं उधाण आणि पावसाने भरलेली नदी. ओहोटी समुद्राच्या लाटांना समोरून भिडते तेव्हा मुखावरच्या लाटा उंच होऊन फुटतात. खाडीतून बाहेर जायचं असेल तर परतताना भरती मिळेल, असाच हिशोब करा. तो कागदावर लिहा आणि घरी ठेवून जा, म्हणजे कुठे गेलात आणि कधी परतणार हे कुणाला तरी माहीत असेल.

जॅकेट काठावरच घाला आणि परत काठावर येईपर्यंत काढू नका. उकडत असेल तर पाण्यात हात भिजवा, डोक्यावर टोपी ओली करून घाला. शिटी आणि फोन अंगावर, जॅकेटच्या खिशात असू द्या. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा. वल्हं दोरीने कयाकला बांधा. उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव शांत खाडीत, सोबत कुणी असताना करा. मला ते जमतं असं वाटत होतं, पण मी सराव वर्षभर केला नव्हता.

निघण्याआधी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक संस्थेचा अंदाज पाहा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' हे अ‍ॅप फोनवर ठेवा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यावरही पडू शकते. उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. लगेच जवळचा काठ गाठा, मग तो आपला नसला तरी चालेल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नका.

आता ऑक्टोबरात मी उजाडताच निघतो आणि दहाच्या आत कयाक वाळूवर ओढलेली असते. दर थोड्या वेळाने वल्हं थांबवून मागे बघतो. डोंगरांची रेघ स्पष्ट दिसली तर पुढे जातो, पुसट झाली तर परततो. कयाक वल्हवणाऱ्याचं तोंड समुद्राकडे असतं आणि या दिवसांतलं संकट त्याच्या पाठीमागून येतं. तुम्हीही मान वळवायची सवय लावून घ्या.