छातीवर बसणारे भूत आणि त्यासंबंधीचा वाद

करी रोड, लालबाग, परळ या भागांतील गिरण्या जेव्हा रात्रंदिवस चालत असत, तेव्हा कोकणातून व घाटावरून आलेली हजारो माणसे तेथील चाळींत दाटीने राहत. वळकटीबरोबर त्यांनी आपापल्या गावचे मुंजे, हडळी व वेताळही आणले. 1982 सालच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. गोष्टी मात्र उरल्या. सुटीत गावी येणाऱ्या मुलांबरोबर त्या आमच्या वाचकांच्या ओटीवरही येतात आणि तेथे वाद माजतो. तो वाद कसा करावा, हे या पाठात पाहू.

एक हकीकत वारंवार ऐकू येते. मनुष्य रातपाळी करून येऊन निजतो. त्यास जाग येते, खोली दिसते; परंतु हातपाय हलत नाहीत, तोंडून शब्द फुटत नाही, आणि कोणी छातीवर बसून गळा दाबीत आहे असे वाटते. एक शेजारी म्हणतो, ‘भूतच ते!’ दुसरा म्हणतो, ‘थापा मारतो.’ या दोघांत दुसरा स्वतःस शहाणा समजतो, पण त्याने तरी काय विचारले? मनुष्याने सांगितले तेवढे सर्व त्यास खरोखरच भासले होते. स्वप्न पडत असता देहाने उठून धावू नये, म्हणून मेंदू त्या वेळी स्नायू शिथिल करून ठेवतो. कधी कधी मन आधी जागे होते आणि ही शिथिलता मागे राहते. स्वप्नाचे तुकडेही डोळ्यांपुढे तरळतात. थोड्याच वेळात सर्व सुटते. झोपेच्या वेळा सतत बदलणारांस व उताणे निजणारांस हा अनुभव अधिक येतो. न्यूफाउंडलंड बेटावरचे लोक म्हणत की म्हातारी चेटकीण छातीवर बसते. जपानात त्यास कानाशिबारी म्हणतात. अनुभव एक, पण भूत ज्या त्या देशाचे निराळे!

तेव्हा ‘काय घडले?’ हा एक प्रश्न, आणि ‘ते कोणी घडविले?’ हा दुसरा. बहुतेक भांडणे हे दोन एकत्र कालविल्याने होतात.

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता दिल्लीहून निघून एका दिवसात मुंबईपर्यंत व परदेशांतही पोहोचली. चमच्यातले दूध कमी होत होते, हे पाहणाराने खोटे सांगितले नव्हते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. कोणासही शिवी न देता उत्तर मिळाले.

अशी पारख करणे म्हणजे अश्रद्धा, असे आमच्यातील काहींस वाटते. त्यांनी शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय काढावा. लोकर भिजली व भूमी कोरडी राहिली, एवढ्याने गिदोनाचे समाधान झाले नाही. लोकर दव शोषून घेतेच, हे शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असणार! दुसऱ्या रात्री त्याने उलट मागितले: लोकर कोरडी, भूमी ओली. आणि त्याबद्दल देव त्याच्यावर रागावला नाही.

हा वाद केवळ करमणुकीचा असता तर आम्ही जागा खर्चिली नसती. परंतु भूत म्हटले की ते कोणी घातले, असा प्रश्न निघतो, आणि बोट बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे वळते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली व जादूटोण्याविरुद्ध कायद्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांस गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्याच वर्षी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडे करणे त्याने गुन्हा ठरविले आहे.

आता कोणी विचारील की उत्तर सापडलेच नाही तर? मग ‘आम्हांस समजले नाही’ असे म्हणावे व तेथेच थांबावे. रिकामी जागा भरण्यास भगतास बोलावू नये. आणि छातीवर ओझे वरचेवर येत असेल, दिवसाही झोप आवरत नसेल, तर त्या मनुष्यास दवाखान्यात न्यावे, व रात्री परत जाग आली तर कोणी जवळ निजलेले असावे.